बत्तीसची गोटी आणि लेथवरचे दोन मिलिमीटर

हे परीक्षण एका गोटीचे, म्हणजे दांड्याला लावून बोल्ट फिरवायच्या सॉकेटचे आहे. अर्ध्या इंची चौकोनी खाचेची, आखूड बांध्याची, आतून सहाकोनी असलेली ३२ मिलिमीटरची ही गोटी मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांच्या आत घेतली आणि माझ्या फोक्सवॅगन व्हेंटो गाडीच्या ऑइल फिल्टरचे जे झाकण तीन दिवस तीन निरनिराळ्या हत्यारांना दाद देत नव्हते, ते तिने उघडले. मात्र दुकानातून आणली तशीच ती उपयोगी पडली नाही. तिला आधी उद्यमनगरात एका लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, जाऊन यावे लागले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी उणीव सांगणार आहे ती मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या गोटीत होती.

गाडी २०१२ सालची, १.६ टीडीआय डिझेल इंजिनाची आहे. या इंजिनाचा फिल्टर पत्र्याच्या डब्यासकट फिरवून काढून टाकायचा नसतो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला अॅल्युमिनियमचे एक उभे घर असते, त्यात कागदी फिल्टर बसतो आणि वरून काळ्या प्लास्टिकचे आट्यांचे झाकण लागते, ज्याच्या डोक्यावर ३२ चा षटकोन असतो. बोनेट उघडून इंजिनावरचे कव्हर काढले की झाकण समोर दिसते, गाडीखाली शिरावे लागत नाही, म्हणून घरच्या घरी ऑइल बदलणाऱ्याला हे इंजिन सोयीचे आहे. झाकण किती आवळायचे, तेही ठरलेले आहे: २५ न्यूटन मीटर. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलोची ओढ. हे मनगटाचे काम आहे, खांद्याचे नव्हे.

मागची सर्व्हिसिंग मी घाईच्या दिवसांत शहरातल्या एका गॅरेजकडे सोपवली होती आणि तिथे ते झाकण खांद्याने आवळले गेले. यामागची समजूत मला ठाऊक आहे, कारण ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे: जेवढे घट्ट, तेवढे गळायचे भय कमी. ही समजूत या झाकणाच्या बाबतीत साफ चुकीची आहे. गळती अडवते ती आतली रबरी ओ-रिंग. झाकण पूर्ण खाली टेकले की रिंग जेवढी दाबली जायची तेवढी दाबली जाते आणि त्यापुढे लावलेला सगळा जोर केवळ प्लास्टिकच्या आट्यांवर जाऊन बसतो. त्यात रिंग जुनीच ठेवली असेल किंवा नवी कोरडी बसवली असेल, तर ती वर्षभरात घराच्या भिंतीला चिकटते आणि आवळलेल्या आट्यांच्या जोडीला आणखी एक अडथळा उभा राहतो.

पहिल्या दिवशी मी घरच्या संचातली बाराकोनी गोटी लावली. दोन वेळा ताकद लावल्यावर ती टक् करून निसटली आणि षटकोनाच्या दोन कडांवर बारीक काळा भुगा दिसला. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मागवलेला तीन पंजांचा पाना आला. तो पत्र्याच्या डब्यांसाठी ठीक असावा. इथे मात्र जोर वाढवला तसे त्याचे पंजे झाकणाला पिळून धरू लागले, प्लास्टिकवर पांढरट ओरखडे उमटले आणि झाकण तसूभरही हलले नाही. तिसऱ्या दिवशीचा पट्ट्याचा पाना तर तेलकट प्लास्टिकवरून नुसताच घसरत राहिला. शेजाऱ्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातोडीने आरपार ठोकून फिरवण्याचा जुना उपाय सुचवला, पण तो टाकून द्यायच्या डब्याला चालतो; इथे झाकण परत बसवायचे असते. गंज सोडवायचा स्प्रेही मी मारला नाही. प्लास्टिकला गंज चढत नाही, मग तो सोडवणार काय? हवेच्या गनने प्लास्टिकचे झाकण उडवायचा विचार तर कोणी करूच नये. एका ठोक्यात ते तडकू शकते.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला मी मोबाईलवर झाकणाचा फोटो दाखवला आणि बाराकोनीच पण चांगल्या प्रतीची मागितली, तेव्हा त्याने ती काढूनच दिली नाही. "बाराकोनी न्हेऊ नगासा, काका," तो म्हणाला, "प्लास्टिकला बाराकोनी म्हंजे खिसणी." त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बाराकोनी गोटी षटकोनाला कोपऱ्यांच्या अगदी जवळ धरते, त्यामुळे लोखंडी बोल्टवर ती निभावून नेते, पण प्लास्टिकचा कोपरा सोलून काढते. सहाकोनी गोटी सपाट बाजूंवर टेकते आणि जोर सहा ठिकाणी वाटला जातो. आखूड गोटीचा सल्लाही त्याचाच. उंच गोटी कलंडते, आणि कलंडली की निसटते.

घरी आणून लावून पाहिली तेव्हा ती उणीव लक्षात आली. गोटीच्या तोंडाशी आतल्या कडेला एक उतार दिलेला असतो, म्हणजे बोल्टचे डोके पटकन आत सरकावे. उंच डोक्याच्या बोल्टला या उताराने काही फरक पडत नाही. झाकणावरच्या षटकोनाची उंची मुळातच बेताची, त्यात खालचा भाग या उतारात गेला की गोटी प्रत्यक्षात धरते तो पट्टा फारच अरुंद उरतो, आणि नेमका षटकोनाचा बुडाशी असलेला जाड, मजबूत भाग पकडीबाहेर राहतो. माझ्या झाकणाच्या कडा वरच्या बाजूने आधीच झिजलेल्या होत्या, त्यामुळे जे शाबूत होते तेच गोटीला सापडत नव्हते. मी हलका जोर देऊन पाहिला, गोटी वर चढू लागल्याचे हाताला कळले आणि मी थांबलो.

कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथे कामी आला. शिवाजी उद्यमनगरात लेथ शोधावा लागत नाही. एका टर्नरने गोटी हातात घेतली, तोंडावर अंगठा फिरवला आणि मी काही सांगण्याआधीच किती घ्यायचे ते विचारले. उतार संपेपर्यंत, एवढेच मी म्हणालो. गोटीचे पोलाद कडक केलेले असल्यामुळे साध्या टूलने भागत नाही, म्हणून त्याने कार्बाइडची टिप लावली, गोटी लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, उलटी धरली, तिचा डोल काढायला चक दोनदा सैल करून पुन्हा आवळला आणि मग अगदी हलके हलके काप घेत तोंड फेस केले, म्हणजे कापून सपाट केले. क्रोमचा पापुद्रा आधी चकाकत उडाला, खालून करडे पोलाद निघाले. साधारण दोन मिलिमीटर गेले असतील. उतार नाहीसा झाला, सहा सरळ भिंती थेट तोंडापर्यंत आल्या आणि कडा इतकी धारदार झाली की त्याने तीवर कानस फिरवूनच गोटी माझ्या हातात दिली. "प्लास्टिकला काय म्हाइत तुमचा जोर कितीय?" पन्नास रुपये खिशात टाकता टाकता तो म्हणाला. "त्येला फकस्त कड कळती."

संध्याकाळी इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले आणि हात लावता येईल इतके निवू दिले. कोमट इंजिनात चिकटलेली रबरी रिंग जरा मऊ पडते. कडकडीत तापलेल्या इंजिनावर हात घालण्यात मात्र शहाणपण नाही. झाकणाच्या षटकोनावरचे तेल फडक्याने पूर्ण पुसून काढले, गोटी तळाला टेकेपर्यंत दाबून बसवली आणि मध्ये एक्स्टेन्शन न घालता थेट ६० सेंटिमीटरचा दांडा लावला. डावा तळवा गोटीच्या डोक्यावर ठेवून ती सरळ खाली दाबून धरायची आणि उजव्या हाताने दांडा सावकाश ओढायचा, हिसका द्यायचा नाही, इतकीच काय ती युक्ती. पहिल्या ओढीला काही झाले नाही. दुसऱ्या ओढीला दांडा किंचित लवल्यासारखा वाटला आणि मला वाटले की आता झाकणच फुटणार. मग डाव्या तळव्याखाली एक कोरडी करकर जाणवली, ऐकू येण्याच्या आधी हाताला कळली, आणि झाकण पाव फेऱ्याने सरकले. माझ्या अंदाजाने बारा-तेरा किलोची ओढ बसली असावी, म्हणजे हिशेबाने सत्तर न्यूटन मीटरच्या पुढे. ठरलेल्या मापाच्या जवळजवळ तिप्पट!

झाकण दोन-तीन फेरे सैल करून काही मिनिटे तसेच सोडून द्यावे, म्हणजे घरातले तेल खाली चेंबरमध्ये उतरते आणि फिल्टर उचलताना इंजिनभर सांडत नाही. बाहेर आलेल्या झाकणावरची ओ-रिंग पाहून सगळा उलगडा झाला. रिंगेचा छेद गोल असायला हवा, हिचा चपटा, जवळपास चौकोनी झाला होता; नखाने दाबली तर खड्डा पडत नव्हता. नव्या फिल्टरच्या खोक्यात नवी रिंग मिळते, ती मागच्या वेळी बसवलीच गेली नव्हती. आटे सुदैवाने वाचले होते, पण कडा झिजलेल्या आणि पंजांचे ओरखडे पडलेल्या त्या झाकणावर पुन्हा भरवसा ठेवायला मन धजले नाही, म्हणून नवे मागवून बसवले.

परत आवळण्याच्या बाबतीत एक धोक्याची सूचना द्यायला हवी. बाजारात सहज मिळणारे अर्ध्या इंची टॉर्क पाने बऱ्याचदा २८ किंवा ४० न्यूटन मीटरपासून सुरू होतात. चाकाच्या नटांना ते योग्य आहेत, या २५ च्या झाकणाला त्यांचा उपयोग नाही, आणि सर्वांत खालच्या खुणेवर लावून काम भागवणे म्हणजे पुन्हा जास्तच आवळणे. लहान मापाचा पाना घ्यावा, किंवा मी केले तसे करावे: प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दांड्याला गोटीच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर अडकवला आणि दांड्याशी काटकोन राखून १०.२ किलो दिसेपर्यंत ओढला. नवी रिंग बसवण्याआधी तिला बोटाने नवे ऑइल लावले होते. त्या ओढीला झाकण किती सैल वाटते, हे ज्याने पूर्वी खांद्याने आवळले आहे त्याला खरे वाटणार नाही. महिनाभर रोज सकाळी बॅटरी लावून पाहिले. एक थेंब नाही.

आता गोटीविषयीच्या तक्रारी. तोंड फेस केल्यामुळे तिथले क्रोम गेले आहे आणि पावसाळ्यात आठवडाभर तशीच राहिली तर कडेवर तांबूस छटा येते, म्हणून तेलाचा हात फिरवूनच ठेवावी लागते. उतार नसल्यामुळे ती आपोआप बसत नाही, दोन-तीनदा चाचपडत कोन जुळवावा लागतो. वजनही या कामाच्या मानाने जास्त आहे. शिवाय ही गोटी सर्वांसाठी नाही. ज्यांच्या गाडीला फिरवून काढायचा पत्र्याचा डबा आहे, उदाहरणार्थ पेट्रोलवरच्या बहुतेक मारुती, त्यांना डब्यावर बसणारी, त्याच्या मापाची वाटीच्या आकाराची गोटीच घ्यावी लागेल. आणि ज्यांच्या झाकणावर षटकोन आहे त्यांनीही माझा आकडा प्रमाण न मानता व्हर्निअरने माप घेऊनच दुकान गाठावे, कारण सैल गोटी घेतली तर फेस करूनही काही साधणार नाही.

दुसऱ्यांदा ऑइल बदलले तेव्हा लांब दांडा पेटीतून काढावाच लागला नाही. साध्या रॅचेटला एका हाताने झाकण सुटले. हे पाहायला उभे असलेले, स्क्रू ड्रायव्हर ठोकायला सांगणारे शेजारी तेव्हाच गोटी मागून घेऊन गेले आहेत. त्यांच्या गाडीला पत्र्याचा डबा आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.