रोलबारवाला 20 किलोचा नांगर, दोन सीझन वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू लिहायला उशीर झाला कारण नांगराबद्दल एका महिन्यात काही कळत नाही. चांगला दोन सीझन वापरला, मग बसले लिहायला. आमची बोट 36 फुटी ट्रॉलर, म्हणजे मासेमारीची नाही, आत राहता येईल अशी मोटरबोट, पाण्याखाली साधारण चार फूट, मी आणि नवरा दोघंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे व्हर्जिनियातल्या नॉर्फोकहून, म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे या किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाच्या शून्य मैलावरून, निघतो आणि आतल्या आत कालवे, नद्या, खाड्या करत फ्लोरिडाला जातो, उन्हाळ्याच्या आधी परत. मायामीपर्यंत हजार-अकराशे मैल होतात. रोज मरीनाला, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्याला, थांबलं तर बोटीच्या लांबीच्या दर फुटाला दोन-अडीच डॉलर म्हणजे आमचे एका रात्रीचे नव्वदपर्यंत जातात, म्हणून आठवड्यातल्या चार-पाच रात्री तरी आम्ही खाडीत नांगर टाकूनच राहतो. म्हणजे झोप लागणार की नाही हे त्या एका लोखंडाच्या तुकड्यावर.

बोटीबरोबर आला होता तो जुना नांगर शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, मधे बिजागरी असलेला. आपल्याकडे शेतातला आणि बोटीचा दोन्ही नांगरच, आणि या प्रकाराचा तर आकारही तसाच. मूळ डिझाइन 1933 चं, जी. आय. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं, त्या काळात मोठीच सुधारणा होती ती. आमचा त्याची कुणीतरी केलेली नक्कल होता.

पहिल्याच वर्षी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या वरच्या बाजूला एका खाडीत थांबलो होतो, दोन्हीकडे उंच गवत, वारा नाही, सगळं शांत, पिठलं-भात करून जेवलो आणि झोपलो. रात्री दोनच्या सुमाराला पाणी फिरलं, बोट उलट्या दिशेला ओढली गेली आणि नांगर चिखलातून निघाला तो परत रुतलाच नाही, नुसता तळ खरवडत मागे येत राहिला. बोट जागची हलली की वाजणारा फोनवरचा अलार्म वाजला तेव्हा बोटीचा मागचा भाग गवतात शिरला होता. त्यात ओहोटी सुरू. नवऱ्याने इंजिन लावलं, मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, टॉर्च घेऊन, पंधरा मिनिटांत बाहेर निघालो पण अजून अर्धा तास गेला असता तर बोट चिखलात आडवी झाली असती. हात इतके थरथरत होते की नंतर चहाचा कप धरवेना. साखळीही आम्ही कमी सोडली होती, सगळा दोष नांगराचा नाही.

नंतर हा घेतला. या आकाराचे नांगर रोक्ना, मॅन्सन, मँटस अशा दोन-चार कंपन्या बनवतात, मी आकाराबद्दलच लिहितेय कारण फरक आकाराने पडतो. खोलगट पातं, पुढे टोक, आणि मागे वरून एक गोल कमान, तोच रोलबार. त्या कमानीमुळे तो तळाला उताणा राहूच शकत नाही, पडला की कलंडतो, टोक खाली जातं आणि ओढ आली की आत घुसतो. मुख्य म्हणजे पाणी फिरल्यावर निघाला तरी स्वतःच परत रुततो. जॉर्जियात दर सहा तासांनी पाणी दिशा बदलतं आणि भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक, तिथे हेच हवं.

मी रुतला की नाही ते साखळीवर तळहात ठेवून बघते. जुना घसरायचा तेव्हा साखळीतून थड थड थड असं हाताला लागायचं, खालचा प्रत्येक शिंपला मोजता येईल असं. याच्या वेळी नवरा हळूहळू रिव्हर्स वाढवतो, साखळी ताणली जाते, एक धक्का, आणि मग हाताखाली काहीच नाही. त्या काहीच नाहीसाठी पैसे दिलेत म्हणा.

जॉर्जियातल्याच कंबरलँड आयलंडला गेल्या वर्षी तीन रात्री राहिलो, दुसऱ्या रात्री उत्तरेचा जोरदार वारा, पाण्याचा प्रवाह त्याच्या विरुद्ध, सगळ्या बोटी वेड्यावाकड्या फिरत होत्या. अलार्म वाजला नाही. सकाळी कॉफी घेऊन बाहेर आले तर किनाऱ्यावर तिथले रानटी घोडे चरत होते आणि आम्ही होतो तिथेच होतो.

आता त्रास काय ते पण सांगते. चिखल! वर येताना घमेलंभर चिखल घेऊन येतो, पातं खोलगट आणि वर कमान, त्यामुळे निघता निघत नाही. काळा, चिकट, आणि वास अगदी आमच्या दाभोळच्या खाडीचा, ओहोटीला कालवं काढायला गेल्यावर यायचा तोच, मला आवडतो, नवऱ्याला नाही. नाळेवर धुवायचा पंप नसेल तर आधी तो बसवा. दुसरं म्हणजे कमान पुढच्या रेलिंगला अडली, नांगर ज्यावरून खाली-वर होतो तो नाळेवरचा रोलर बदलून घ्यावा लागला, तो खर्च वेगळा. घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून लावून बघा.

साखळीचा हिशोब नवीन लोकांचा हमखास चुकतो, आमचा चुकलाच होता. ओहोटीला पाणी 10 फूट, नाळेची उंची 5, म्हणजे 15, साखळी त्याच्या पाचपट हवी, म्हणून 75 फूट सोडली की झालं असं वाटतं. पण भरती 7 फूट चढली की ती बेरीज 22 होते आणि तुमची पाचपट साडेतीनच्याही खाली येते. म्हणजे 110 हवी. गावाकडचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, वावांत मोजायचे, एक वाव सहा फूट, पण भरती धरूनच मोजायचे. आम्ही दर 25 फुटांवर साखळीला रंग मारलाय.

वजन घेताना कंपनीच्या तक्त्यात तुमच्या बोटीसमोर जे लिहिलंय त्याच्या एक साइझ वरचं घ्या, खिशाला जरा जड जातं, आमचं साखळीसकट हजार डॉलरच्या वर गेलं. पाचपैकी साडेचार देते, अर्धा कमी चिखलासाठी. आणि नांगर-साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन स्टीलच्या तारेने घट्ट बांधून टाका, ती फिरून फिरून सैल होते, आमची पहिल्या सीझनला अर्धी सुटलेली सापडली होती.