पेठेतला संध्याकाळचा बास्केटबॉल वर्ग: चार महिन्यांनंतर

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. माझा तेरा वर्षांचा पोरगा जूनपासून पेठेजवळच्या मैदानावर बास्केटबॉल शिकायला जातो. साडेपाच ते साडेसात, रविवारी सुट्टी, महिन्याला 300 रुपये. ज्याला जमत नाही त्याच्याकडं पैसे मागत नाहीत. हे मला एका पोराच्या आईकडून कळलं, शिकवणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी टेप घेऊनच गेलो. रिंग जमिनीपासून बरोब्बर 10 फुटांवर, आतला व्यास 18 इंच. बारक्यांना पाच नंबरचा बॉल, माझ्या पोराच्या वयाला सहा, मोठ्यांना सात. मोजमापात चालढकल नाही, तिथंच निम्मा विश्वास बसला.

टेप गुंडाळत होतो तेवढ्यात शिकवणारे दादा जवळ आले. म्हणाले, "भाऊ, बाहेरनं कळायच्या आधी मीच सांगतो. मी कळंबा जेलमध्ये आत होतो. मारामारीची केस. घरात विचारा, मग पोराला पाठवा."

बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः कट्ट्यावर दोन तास बसून आली आणि म्हणाली, "जाऊ दे त्याला." आमच्या गल्लीत पोरं तलवारीनं केक कापून रील टाकतात. त्यातला कोण कुणाचा माणूस हे माझ्या पोराला पाढ्यासारखं पाठ होतं, म्हणून आम्हाला घोर लागला होता.

पहिले तीन आठवडे नुसतं पाय टाकणं, ड्रिबल म्हणजे बॉल आपटत नेणं, आणि चेस्ट पास, म्हणजे छातीपासून दोन्ही हातांनी बॉल देणं. पोरं कंटाळतात, पण मला पटलं. आमच्याकडंही नव्या पोराच्या हातात आधी कानसच देतात.

जुलैत एकदा पाऊस थांबेना. सगळे मैदानाकडेच्या पत्र्याखाली बसले, मीही होतो. त्या दिवशी त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अर्ल मॅनिगॉल्टची गोष्ट सांगितली. उंची 6 फूट 1 इंच, टोपणनाव 'गोट', नाव झालं ते रस्त्याकडेच्या कोर्टवर. रिंगमागच्या बोर्डाच्या वरच्या काठावरचं नाणं तो उडी मारून काढायचा म्हणतात. तो काठ जवळजवळ 13 फुटांवर येतो. पोरांचे डोळे मोठे झाले. तर हे म्हणाले, "नाण्याची गोष्ट ऐकीव आहे. जेलची खरी आहे." हेरॉइन लागलं, तुरुंग झाला, सुटला आणि पुन्हा आत गेला. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, तो कधी खेळलाच नाही. 1989 मध्ये तिथला मोठा खेळाडू करीम अब्दुल-जब्बार निवृत्त झाला, त्याच्या नावावर 38,387 गुण. सगळ्यात भारी खेळाडू कोण, असं त्याला विचारलं तर त्यानं याच माणसाचं नाव घेतलं. मॅनिगॉल्टनं पुढं आपल्याच भागातल्या पार्कात पोरांसाठी स्पर्धा भरवल्या, नशेपासून लांब राहा म्हणून सांगत राहिला. 1998 मध्ये 53 व्या वर्षी हृदयाच्या आजारानं गेला.

एका पोरानं विचारलं, "दादा, तुम्हीपण दोनदा आत गेला?" ते म्हणाले, "एकदाच. पण सुटल्यावर पहिल्या महिन्यात तेच जुने दोस्त न्यायला आले होते. मी घरात कडी लावून बसलो." मग त्यांची आई जेलात दर आठवड्याला मुलाखतीला यायची, काचेपलीकडं काही न बोलता बसायची, तेवढं सांगितलं आणि पाऊस कमी झालाय का बघायला उठले. आत कोण भेटलं, कुणाची दहशत होती, यातलं एक अक्षर नाही. माझ्या पोराला तेच ऐकायचं होतं, मला माहीत आहे. घरी येताना तो गाडीवर मागं गप्प होता. रंकाळ्यापाशी आल्यावर म्हणाला, "आई काचेपलीकडं बसायची, पप्पा."

उणं काय तेही लिहितो. पावसानं जुलैतले निम्मे दिवस बुडाले, फी मात्र पूर्ण घेतली. ती पुढच्या महिन्यात धरायला हवी होती. उजेड कमी आहे, सातनंतर बॉल नीट दिसत नाही. आणि मुलींसाठी टॉयलेट नाही. चारच मुली येतात. माझी धाकटी त्याच कारणानं घरी बसते, याचं मला फार वाईट वाटतं. रिंगचा एक ब्रॅकेट हलत होता, तो मी वेल्डिंग करून दिला. टॉयलेटसाठी आम्ही आठ पालक मिळून मैदानाच्या मालकांना भेटणार आहोत.

पोराला घालायचं असेल तर पहिल्या दिवशी गेटवर सोडून परत फिरू नका. गाडी लावा, आत जा. ते स्वतःच तुमच्याकडं येतील.