नकली इरिडियम प्लग गळ्यात मारले, आणि वर म्हणे ‘गॅप तुम्हीच बदललात’

टर्बो गाडीसाठी (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी) ऑनलाइन इरिडियम टोकाचे स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग, मागवणार असाल तर थांबा, आधी हे वाचा. चार प्लगांचे पूर्ण पैसे गेले. त्यांच्या पायी एक इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, जळाली, ती एका प्लगच्या तिप्पट किमतीची. फिटिंगची मजुरी दोनदा मोजली. यातला एक पैसाही परत मिळालेला नाही आणि मिळेल अशी चिन्हं नाहीत.

भाव छापील किमतीपेक्षा ३५ टक्के कमी होता. ‘मग तेव्हाच कळायला हवं होतं’ असं म्हणणारे भेटतातच, म्हणून सांगतो: अस्सल मालावरही सेलमध्ये एवढी सूट असते. विक्रेत्याचं रेटिंग चांगलं होतं. खोक्यावर होलोग्राम होता, कोड स्कॅन केल्यावर पानही उघडलं. तो कोड एका खऱ्या खोक्यावरून उचलून हजार खोक्यांवर छापता येतो, हे नंतर समजलं.

आणि मी डोळे झाकून मागवलेले नव्हते. टर्बोत दाब आणि उष्णता जास्त, त्यामुळे प्लग ‘थंड’ लागतो, म्हणजे टोकाची उष्णता झटकन इंजिनाच्या हेडमध्ये सोडणारा. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी धरते आणि ८५० च्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. ‘हीट रेंज’चे, म्हणजे प्लग किती थंड-गरम ते सांगणारे, आकडेही कंपनीगणिक उलटे. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा तितका गरम. एनजीकेचा ७ म्हणजे साधारण डेन्सोचा २२. हे सगळं ताडून, मॅन्युअलमधला नंबर अक्षर न् अक्षर जुळवूनच ऑर्डर दिली होती. खोक्यावरचा नंबर बरोबर होता. आतला माल खोटा होता.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. मॅन्युअलमध्ये गॅप, म्हणजे मधलं टोक आणि बाहेरचा वाकडा दांडा यांतली ठिणगी उडायची फट, ०.७ ते ०.८ मिमी. बसवण्याआधी तारेच्या गेजने चारही मोजले: ०.८, ०.९, १.०५ आणि १.१. एका खोक्यातल्या, एकाच नंबरच्या चार प्लगांचे चार वेगळे गॅप! कारखान्यातून निघालेल्या इरिडियम प्लगांमध्ये एवढा फरक नसतो. पण वाहतुकीत प्लग आपटला की बाहेरचा वाकडा दांडा दबतो, गॅप हलतो, हेही खरं आहे. ‘प्री-गॅप्ड (गॅप कारखान्यातच ठेवलेला) असला तरी मोजून बसवा’ असं सगळे सांगतात ते त्याचसाठी. मी तेच धरून चाललो. पण आपटल्याने गॅप बहुतेक कमी होतो, वाढत नाही. तीन प्लग वाढलेले होते. ते गेज हातात असतानाच दिसायला हवं होतं.

त्याच वेळी एका प्लगचा वॉशर आट्यांवरून सरकून माझ्या बोटात आला. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवर असा अडकवलेला असतो की तो सैल फिरतो, पण सहजी निघत नाही. मी तो परत चढवला आणि काम पुढे चालू केलं. अंधार पडत आला होता, गाडी उघडी पडली होती, जुने प्लग संपलेले होते. अशा वेळी कोण वॉशरवरून अख्खी ऑर्डर परत पाठवतं?

चारही गॅप ०.७५ वर आणले. फक्त बाहेरचा दांडा वाकवला, मधल्या टोकाला हात लावला नाही. इरिडियमचं टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी जाड असतं, नाण्यासारखं गोल गेज त्यात घालून उचकटलं की ते तुटतं. नाण्याचं गेज इरिडियमला वापरूच नका.

पहिले काही दिवस गाडी ठीक चालली. मग चढावर, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) भरला की झटके. सपाट रस्त्यावर काही नाही, पाय दाबला की गचका. हे लक्षण ओळखून ठेवा. दाब वाढला की त्याच गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगचा रोग टर्बो गाडीत आधी बूस्टवरच बाहेर पडतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. तेव्हा पाय लगेच काढा. स्कॅनरवर आलं पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथलं मिश्रण नीट पेटत नाही.

प्लग काढला तर टोकाची अणकुची झिजून गोल झालेली, गॅप पुन्हा एकच्या वर. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला. त्या टोकात इरिडियम असतं तर इतक्या लवकर अशी दशा झाली नसती. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. गॅपमधून उडी मारणं जड झालं तसा करंट बाहेरून वाट काढत होता, आणि त्या ताणाने कॉइल फुटली. मग मल्टिमीटर लावला. नंबरात ‘आर’ असलेल्या प्लगमध्ये साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. माझ्या दोघांमध्ये जवळजवळ शून्य आला, म्हणजे रेझिस्टर घातलेलाच नव्हता. ही तपासणी मिनिटभराची आहे. प्लग बसवण्याआधी करा, पैसे तिथेच वाचतील.

यानंतर जे झालं त्याचा संताप फसवणुकीपेक्षा मोठा आहे. विक्रेत्याचं पहिलं उत्तर: ‘गॅप बदलल्यामुळे वॉरंटी रद्द.’ टर्बोत गॅप मोजून जुळवावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तीच त्याची पळवाट. गिऱ्हाईक गॅपला हात लावणारच, आणि लावला की आरोप त्याच्यावर. ज्या ॲपवरून घेतले त्यांनी फोटो मागितले, ते दिल्यावर पुन्हा तेच फोटो मागितले, आणि शेवटी ‘वापरलेली वस्तू परत घेता येत नाही’ म्हणून तक्रार बंद केली. न वापरता प्लग नकली आहे हे कळणार कसं? ज्या कंपनीच्या नावाने माल विकला गेला, त्यांनी फोटो बघून ‘हा आमचा नाही’ एवढं तोंडी सांगितलं. तेच लेखी द्या म्हटलं तर तशी पद्धत नाही म्हणे. आणि ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर नेमकं तेच लेखी हवं. ते नाही तर प्रयोगशाळेचा अहवाल आणा, ज्याचा खर्च चार प्लगांपेक्षा जास्त. पोलिसांकडे गेलो तर, ‘गाडी चालते ना? मग एवढ्याशा रकमेसाठी कशाला?’ अहो, रक्कम एवढीशी आहे म्हणूनच हा धंदा चालतो! माणूस भांडायला गेला तर भांडणाचा खर्च मालाहून जास्त, हे हिशोबात धरूनच हा माल विकला जातो. कॉइलच्या वॉरंटीचीही तीच गत: ‘प्लग बाहेरचे होते.’

तेव्हा खोकं उघडतानाच सलग व्हिडिओ काढा. गॅपला हात लावण्याआधी प्रत्येक प्लगचा गेजसकट फोटो काढा, तारीख दिसेल असा. माझ्याकडे तो एक फोटो असता तर विक्रेत्याच्या त्या उत्तराला तिथेच उत्तर होतं. टोकाचं वेल्डिंग भिंगातून बघा, चहूबाजूंनी सारखं हवं. बाहेरचा दांडा टोकाच्या बरोबर वर हवा, तिरका नको. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी ११ असेल तर तो १.१ मिमीचा आहे, टर्बोला घेताना दोनदा विचार करा. बसवताना अंदाजाने आवळू नका: ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिमीच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, त्याने टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) दाखवतो त्यापेक्षा प्लग जास्त आवळला जातो. मेकॅनिक म्हणाला ‘साहेब, नवीन आहेत, मोजायची गरज नाही’, तरी मोजायला लावा.

आता अधिकृत वितरकाकडून घेतलेले प्लग बसवले आहेत. चौघांचा गॅप खोक्यातून काढतानाच ०.७५ होता, रेझिस्टर चौघांचा पाचच्या आसपास, गाडी बूस्टवर साफ ओढते. त्या विक्रेत्याचा माल मात्र त्याच फोटोसह अजून विक्रीला आहे, आता ४० टक्के सूट लावून. माझा रिव्ह्यू तिथून काढून टाकला गेला, म्हणून इथे लिहिलं.