गोव्यातल्या घरात इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्डिंग: माइक लावलेला ट्यूब ॲम्प की मॉडेलर?

म्हापसा, पर्वरी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये गिटार रेकॉर्ड करायची असेल तर पहिले पैसे मॉडेलरवर (ॲम्प, स्पीकर आणि माइकची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावर) घाला. एसएम५७ माइक मात्र तरीही घ्या. रेकॉर्डिंगमध्ये ज्याला आपण ‘ॲम्पचा टोन’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा स्पीकरचा, माइकचा आणि त्या दोघांमधल्या दोन बोटं अंतराचा असतो. हे एकदा कानाला कळलं की मॉडेलरही चांगला वाजतो. कळलं नाही तर महागडा मॉडेलरसुद्धा डब्यातून आल्यासारखा वाजतो.

इथे दोन जोड्या तोलल्या आहेत. एका बाजूला फेंडर ब्लूज ज्युनिअर ४ हा ट्यूब ॲम्प (१५ वॅट, दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, तीन १२एएक्स७ प्रीॲम्प ट्यूब, १२ इंची स्पीकर), समोर श्युअर एसएम५७ आणि आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा साधा दोन चॅनेलचा इंटरफेस. दुसऱ्या बाजूला लाइन ६ एचएक्स स्टॉम्प हा मॉडेलर, यूएसबीने थेट लॅपटॉपला.

आधी माइक. एसएम५७ हा १९६५ पासून बाजारात असलेला डायनॅमिक माइक. ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ ऐकतो आणि ६ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा उठाव देतो. तो उठाव गिटारला मिक्समध्ये पुढे आणतो, पण माइक चुकीच्या जागी असेल तर तोच कानात टोचतो. म्हणून ॲम्प बंद असताना स्पीकरसमोरच्या कापडावर (ग्रिल क्लॉथवर) मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आतली गोल टोपी, म्हणजे डस्ट कॅप, दिसेल. टोपीची कड आणि स्पीकरचा शंकू (कोन) जिथे मिळतात तिथे ग्रिलवर कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि माइक त्याच्यासमोर ३ सेंटिमीटरवर सरळ धरा. ही सुरुवातीची जागा. मधोमध सरकवलं तर आवाज उजळ आणि चरचरीत होतो, कडेकडे नेलं तर गोल आणि दबका. एका वेळी एकच सेंटिमीटर हलवायचं, दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, ऐकायचं. जवळ नेल्यावर खर्ज फुगतो, तेव्हा ॲम्पचा बास बटणाने कमी करण्याआधी माइक दोन सेंटिमीटर मागे घ्या. ॲम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर चढवा. गुळगुळीत फरशीवर ठेवला की खालचे स्वर घुमतात.

दुसरा माइक लावायचा मोह सुरुवातीला आवरा. दोन माइकच्या अंतरात ५ सेंटिमीटरचा फरक पडला तर दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर साधारण ३,४०० हर्ट्झजवळ खड्डा पडतो, म्हणजे गिटारचा चावा नेमका तिथेच निघून जातो.

चांगल्या जागी लावलेल्या माइकचा आवाज मनापासून आवडतो, पिकचा ओरखडासुद्धा त्यात जिवंत येतो. अडचण आवाजाच्या पातळीची आहे. गिटारचा १२ इंची स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. १५ वॅटऐवजी ५ वॅटचा ॲम्प घेतला तर फक्त ५ डेसिबल कमी होतात. ‘लहान ॲम्प घेतला की शेजारी सुखी’ ही समजूत इथेच फसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ईएल८४ ट्यूब दमायला लागतील इतका ॲम्प उघडला तर फ्लॅटच्या भिंतीपलीकडे ही मर्यादा पाळणं जवळजवळ अशक्य. मास्टर खाली आणि व्हॉल्यूम वर ठेवला तर प्रीॲम्पचं डिस्टॉर्शन मिळतं, पण पॉवर ट्यूब आणि स्पीकर दोन्ही झोपलेले राहतात. शिवाय ॲम्प हळू ठेवला की इंटरफेसचा गेन वाढवावा लागतो, आणि मग पंखा, पंप, रस्त्यावरची स्कूटर सगळं ट्रॅकमध्ये येतं.

गावात चिऱ्याच्या जाड भिंतींचं जुनं घर असेल तर आवाज बाहेर जाण्याचा त्रास बराच कमी. तिथे बाहेरून आत येणारा आवाज छळतो. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना क्लीन (डिस्टॉर्शन नसलेला) टोन रेकॉर्ड होत नाही, एवढं मान्य करून चालावं. उघड्या कौलांखाली तर पागोळ्यांचा आवाजही स्वच्छ येतो. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून ॲम्प त्याच्याकडे तोंड करून ठेवा, मागे जाड गोधड्या टांगा. खोलीचा घुमारा कमी होतो. पाऊस मात्र थांबत नाही.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर गिटारमध्ये भणभण येणारच, त्यासाठी प्युअर साइन वेव्ह हवा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर ॲम्प असेल तर गिटारच्या तारांना हात लावला की गुणगुण कमी होते आणि बोटाला मुंग्या येतात. अशा वेळी अर्थची पिन काढून टाकणं जिवावर बेतू शकतं, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला ॲम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. ब्लूज ज्युनिअरएवढ्या ॲम्पला निदान २०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. किनाऱ्यालगत खारी हवा जॅक आणि पॉट (बटणांमागचे फिरते भाग) खाते, म्हणून कॉन्टॅक्ट क्लीनर घरात ठेवा आणि माइक सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात.

एचएक्स स्टॉम्पला यातलं बहुतेक काही लागू होत नाही. ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर, एक यूएसबी केबल, हेडफोन, आणि रात्री बारा वाजताही तोच आवाज. फॅक्टरी प्रीसेट (कंपनीने आधीच भरून दिलेले आवाज) मात्र थेट वापरू नका, त्यांत इफेक्टचा मारा असतो. रिकाम्या प्रीसेटमध्ये एक ॲम्प, एक कॅब (स्पीकरच्या पेटीची नक्कल), बस्स. २०२२ च्या ३.५० फर्मवेअरपासून कॅबमधला माइक १ ते १२ इंच मागेपुढे आणि मध्यापासून कडेकडे सरकवता येतो. ग्रिलवर टेप लावून शिकलेलं सगळं इथे तसंच्या तसं कामी येतं. लो कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा (सहाव्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा आहे), हाय कट (वरचे कापणारा) ८ किलोहर्ट्झच्या जवळपास. बहुतेकांची ‘मॉडेलर कृत्रिम वाजतो’ ही तक्रार हाय कट न लावल्याने येते, कारण गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोनदा कॅब. आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅब आणि माइकच्या आवाजाचा ठसा) फाइल टाकली आणि आतला कॅब ब्लॉक तसाच राहिला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा मोफत प्लगइन वापरतानाही हेच होतं. काही कॅप्चरमध्ये (खऱ्या ॲम्पचा आवाज टिपून बनवलेल्या फाइलींत) कॅब आणि माइक आधीच असतात, काहींत नसतात, म्हणून फाइलचं वर्णन वाचा. त्या प्लगइनसाठी गिटार इंटरफेसच्या ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) इनपुटलाच लावा. लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर भार पडून वरचे स्वर मरतात. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवला तर एका दिशेला २.७ मिलिसेकंद उशीर होतो, तो बोटांना जाणवत नाही. ५१२ वर ठेवलात तर ताल हातातून सुटतो.

मॉडेलर वापरा किंवा ॲम्प, गिटारचा कच्चा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्याच, शिखर उणे १० ते उणे १२ डेसिबलवर. वाजवणं उत्तम झालं आणि टोन फसला तर मागाहून टोन बदलता येतो.

ट्यूब ॲम्प आधीच घरात असेल तर मधला रस्ता लोड बॉक्सचा. स्पीकरची तार काढून त्याच ओहमचा रिॲक्टिव्ह लोड (स्पीकरसारखाच भार देणारी, पण आवाज न करणारी पेटी) लावायचा, त्यातून निघणारा सिग्नल आयआरमधून न्यायचा. ट्यूब मनसोक्त तापतात, घर शांत राहतं. स्पीकर किंवा लोड यांपैकी एकही जोडलेलं नसताना ट्यूब ॲम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मॉडेलर एका ठिकाणी हरतो: ॲम्पसमोर उभं राहून लांबवलेला, फीडबॅकवर चढणारा स्वर हेडफोनमध्ये येत नाही. तुमच्या गाण्यात तो स्वर हवाच असेल तर एक दुपार ठरवा, शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि तेवढाच भाग ॲम्पवर घ्या. बाकी वर्षभर एसएम५७ पडून राहणार नाही. चतुर्थीला आरतीचं घुमट (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं वाद्य) रेकॉर्ड करायला तोच माइक चामड्यापासून एक वीत अंतरावर, थोडा तिरका धरा.