पोर्ट टाइप-सी, पण वेग फक्त कंपनीच्या चार्जरवर: 80 वॅटच्या फोनचे नऊ महिने

गेल्या महिन्यात आजऱ्याच्या लॉजवर रात्री साडेदहाला चार्जर गेला. आवाज नाही, वास नाही. लावला, आणि फोनवर काही उमटलंच नाही. वायर उलटी करून पाहिली, दुसऱ्या प्लगात घालून पाहिली, लाइट आहे ना म्हणून पंखा लावून पाहिला. फोन 9 टक्क्यांवर होता. फोन घेऊन आठ महिने झाले होते आणि चार्जरची वॉरंटी होती सहा महिन्यांची.

कंपनीचं नाव लिहीत नाही. कॅमेरा, डिस्प्ले, प्रोसेसर यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय आणि त्यात माझी काही तक्रार नाही. मला चार्जिंगबद्दलच बोलायचंय, कारण हा फोन मी त्यासाठीच घेतला होता.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. गडहिंग्लज, आजरा, चंदगड ही माझी लाइन. सकाळपासून रिपोर्टिंगचं ॲप चालू, प्रत्येक डॉक्टरकडे लोकेशन टाकायचं, मध्येच स्टॉकिस्टचे फोन. आधीचा फोन दुपारी तीनला मान टाकायचा. हा मात्र टपरीवर चहा-भजी होईपर्यंत 20 वरून 70 च्या पुढे जायचा. पहिले तीन महिने मी भेटेल त्याला हाच घे म्हणून सांगत होतो. टीममधल्या दोघांनी माझ्या शब्दावर घेतलाही, म्हणून हे सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं.

त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या एका पाहुण्याने लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर दिला. 65 वॅटचा. मला वाटलं, 80 नाही तर 65, दहा मिनिटं इकडेतिकडे. प्रत्यक्षात फोन भरायला पावणेदोन तास लागले. माझ्या चार्जरवर हेच काम अर्ध्या-पाऊण तासात व्हायचं.

दोन दिवसांनी कोल्हापुरात सर्व्हिस सेंटरला गेलो. चार्जर 1,999, वायर वेगळी 599, आणि स्टॉक नाही, चार दिवस थांबा. मी विचारलं, बाहेरचा चांगला 65 वॅटचा घेतला तर? "सर, ओरिजिनलच घ्यावा लागेल. बाहेरच्यावर फास्ट होत नाही." का होत नाही? "ती कंपनीची सिस्टीम आहे सर." मग खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात टाइप-सी आणि 80 वॅट लिहिलंय, ते ग्राहकाने काय समजून वाचायचं? मुलगा बिचारा गप्प बसला. त्याच्यावर आवाज चढवला याचं नंतर वाईट वाटलं. पण माझा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर मला एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळालं.

राजारामपुरीतला हा माझा जुना ओळखीचा. त्याने काडेपेटीएवढा एक मीटर काढला, चार्जर आणि वायर यांच्यामध्ये लावला आणि म्हणाला, "बघा साहेब, तुमचा फोन काय मागतोय ते." त्याच्याकडच्या 65 वॅटच्या लॅपटॉप चार्जरवर आकडे स्थिरावले: 8.9 व्होल्ट, 1.9 अँपिअर. गुणाकार केला तर 17 वॅट. चार्जर 65 द्यायला तयार, फोन 80 घ्यायला तयार, आणि मधून जातायत 17.

त्याने समजावलं ते असं. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे. आत वीज किती द्यायची हे चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलून ठरवतात आणि त्या बोलण्याची एक सर्वमान्य भाषा आहे, यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी. पीडीत साधारणपणे व्होल्ट वाढवतात: 5, 9, 15, 20. साध्या टाइप-सी वायरीतून 3 अँपिअर जातात, 5 अँपिअर हवे असतील तर वायरीत ओळख सांगणारी चिप लागते. काही फोन कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला. व्होल्ट कमी ठेवायचे, अँपिअर वाढवायचे, त्यासाठी जाड वायर आणि आपल्याच भाषेत बोलणारा चार्जर. तो चार्जर नसेल तर फोन पीडीवर येतो, पण तिथे किती घ्यायचं हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. माझ्या फोनला साध्या पीडीवर 18 च्या आत ठेवलंय. हे खोक्यावर कुठेही नाही. मी भिंग घेऊन वाचलंय.

आमच्या लहानपणी, म्हणजे नोकियाच्या काळात, चार्जर मागायला गेलं की पहिला प्रश्न असायचा: जाड पिन की बारीक? बारीक असली तर गल्लीत कुणाच्याही घरी मिळायचा. इतर कंपन्यांचे फोन असलेल्यांची मात्र पंचाईत. टाइप-सी आल्यावर तो प्रश्न कायमचा संपला असं मी धरून चाललो होतो. आता मला बाहेरून एकसारखं दिसणारं भोक आहे आणि प्रश्न आत जाऊन बसलाय. जाड पिन निदान डोळ्यांना दिसत होती.

माझी बहीण पुण्यात असते, ती पहिल्यापासून आयफोनवाली. ॲपलने 2012 मध्ये आयफोन 5 बरोबर लाइटनिंग हे स्वतःचं वेगळं पोर्ट आणलं तेव्हा ते खरंच चांगलं होतं. वायर कशीही घाला, बसायची. त्या वेळच्या मायक्रो-यूएसबीला उलटसुलट बघावं लागायचं. पण ती वायर फक्त ॲपलची, आणि दुसऱ्या कुणाला अधिकृतपणे बनवायची तर ॲपलचा परवाना घ्यायचा. बहिणीने मध्ये एकदा फोन बदलायचा विचार केला होता. तेव्हा म्हणाली होती, "दादा, दुसरा घ्यायचा म्हणजे घरातल्या, गाडीतल्या, ऑफिसातल्या सगळ्या वायरी बदलायच्या." म्हणून पुन्हा तोच घेतला. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, वायरीसाठी कुणी फोन निवडतं का?

2023 च्या सप्टेंबरमध्ये आयफोन 15 टाइप-सीवर आला. त्यामागे युरोपीय संघाचा कायदा होता. 28 डिसेंबर 2024 पासून तिकडे विकायच्या नव्या फोनला टाइप-सी सक्तीचं, लॅपटॉपला 28 एप्रिल 2026 पासून. याची बातमी आपल्याकडे "ॲपलला वाकवलं" एवढीच झाली. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. त्याच कायद्यात असंही आहे की ठरावीक मर्यादेच्या वर वेगाने चार्ज होणाऱ्या उपकरणाने पीडी मानलंच पाहिजे, कंपनीची स्वतःची पद्धत असली तरी तिने पीडीच्या आड येता कामा नये, आणि फोन किती वॅटपर्यंत घेतो, पीडीवर चालतो का, हे खोक्यावर छापलं पाहिजे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी 2023 मध्ये टाइप-सीचं मानक जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण मला खोक्यावरची ती ओळ हवी आहे. 1,999 रुपये मागण्याआधी ती मला दुकानात वाचायला मिळाली पाहिजे.

आता थोडं माझं मत बदललंय तेही लिहितो. ओरिजिनल घेतला नाही. दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून पीपीएस असलेला पीडी चार्जर घेतला, 1,400 ला. पीपीएसमध्ये व्होल्ट अगदी बारीक टप्प्यांनी वर-खाली होतात आणि माझा फोन तिथे जरा जास्त घेतो. मीटरवर 25-26 वॅट दिसले. 80 च्या मानाने काहीच नाही. पण महिनाभर वापरल्यावर जाणवलं की रोज रात्री लावतो, सकाळी 100 असतो आणि दिवसात एकदा अर्धा तास मिळाला तर संध्याकाळपर्यंत निघतं. फोन हाताला पूर्वीइतका गरमही लागत नाही. टपरीवरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांची आठवण येते, नाही असं नाही. घाईच्या दिवशी, चंदगडच्या रस्त्यावर, फार येते.

बायकोला नवीन फोन घ्यायचा होता, गेल्या रविवारी गेलो. दुकानदाराने माझा फोन पाहिला आणि सरळ त्याच कंपनीचं नवं मॉडेल काढलं: "चार्जर दोघांना एकच चालेल साहेब." माझा हात खोक्याकडे गेला होता. पैसे वाचतात हा हिशोब डोक्यात झालाही होता. तेवढ्यात बहिणीचं बोलणं आठवलं. कॅमेरा बायकोला पसंत नव्हता, स्क्रीन तिच्या हाताला मोठी होत होती, आणि मी मात्र चार्जरच्या ठोकळ्यासाठी तो फोन तिच्या गळ्यात बांधायला निघालो होतो.

आम्ही दुसऱ्या कंपनीचा घेतला, तिला आवडला तो. पैसे देण्याआधी मी मीटर लावून बघू द्या म्हटलं. दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग डेमोचा फोन पुढे केला. माझ्या 1,400 च्या चार्जरवर 9 व्होल्ट, 2.7 अँपिअर. मीटर अजून माझ्याकडेच आहे, उद्या राजारामपुरीला परत द्यायचाय.