जुन्या जीपचं ‘९० नंबर’: एक डबा पुरत नाही

दुकानात ‘९० नंबर’ गिअर ऑइल मागितलं की जो डबा काउंटरवर येईल तो उचलू नका. ९० म्हणजे फक्त जाडी. गिअरबॉक्स टिकणार की नाही, ते डब्यामागच्या बारीक अक्षरांत असतं: एपीआय जीएल-४ की जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा. दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी जीप असो की महिंद्राची सीजे-३बी, गाडीला दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या जागी.

आमची पसंती साधी आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) कॅस्ट्रॉल मॅन्युअल ईपी ८०डब्ल्यू-९०, हे जीएल-४. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) कॅस्ट्रॉल ॲक्सल ईपीएक्स ८०डब्ल्यू-९०, हे जीएल-५.

डिफरन्शियल हायपॉइड आहे. पिनियन (लहान दातेरी चाक) क्राऊनच्या (मोठ्या चाकाच्या) मध्यरेषेवर नसतो, त्यामुळे दात एकमेकांवर दाबून घसरतात. तिथे गंधक-फॉस्फरसवाल्या जीएल-५लाच पर्याय नाही. गिअरबॉक्सचं उलटं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या) पितळी असतात, त्यांना गिअरच्या शंकूवर घट्ट पकड घ्यावी लागते. जीएल-५मध्ये ही रसायनं जवळपास दुप्पट. रिंग घसरते, गिअर टाकताना खर्रर्र होतं, आणि ऑइल फार तापलं तर पितळ काळं पडून झिजतं. १२१ अंशांवर ३ तास तांब्याची पट्टी बुडवून घेतात ती चाचणी आजची बरीच जीएल-५ ऑइलं पास होतात, मान्य. पण ती गंज मोजते, रिंगेची पकड नाही. म्हणून डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ दोन्ही छापलेलं असेल तर ते डिफरन्शियललाच घाला.

रेड लाइन एमटी-९० (७५डब्ल्यू-९०, जीएल-४) सिंथेटिक आहे, सिंक्रोला उत्तम. पण महाग, आणि झिजलेल्या सीलमधून लवकर झिरपतं. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला अंक थंडीचा. ८०डब्ल्यूचा हिशेब उणे २६ अंशांपर्यंत वाहण्याचा. महाबळेश्वरच्या पहाटेलाही त्याच्या पुढे जायची गरज नाही. डिफरन्शियल गुणगुणतं म्हणून जास्त जाड ८५डब्ल्यू-१४० घालतात, त्याने आवाज दबतो, दात भरून येत नाहीत.

एमबीचं माप: गिअरबॉक्स सुमारे ०.७ लिटर, ट्रान्सफर केस १.४, प्रत्येक डिफरन्शियल १.२. म्हणजे दोन्ही ऑइलं ३-३ लिटर घ्या. सीजे-३बीचा टी-९० गिअरबॉक्स वेगळा, तिथे आकडा धरून बसू नका. फिलर प्लगच्या (ऑइल भरायच्या बुचाच्या) भोकाच्या काठाला ऑइल टेकलं की थांबा.

ऑइल बदलताना आधी गाडी थोडी फिरवून ते गरम करा आणि सपाट जागी लावा. आधी फिलर प्लग सुटतो का पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा; उलट केलंत आणि फिलर अडकला तर रिकामी गाडी जागेवरच. ड्रेन प्लगवर राखाडी चिखल चालतो. पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग गेली, टोकदार तुकडा आला तर दात. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय.

गिअरबॉक्समधलं ऑइल मधल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, हे या जीपचं जुनं दुखणं. एकीकडे कमी, दुसरीकडे काठोकाठ. दोन्ही पातळ्या एकत्रच पाहा, आणि दोघांत एकच ऑइल ठेवा.

मागच्या ॲक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) चिखलाने बुजला की आतली हवा तापून दाब वाढतो, ऑइल चाकाच्या सीलमधून थेट ब्रेक लायनरवर येतं. मग लोक सील बदलतात आणि महिन्याभरात परत गळती. ब्रीदर रॉकेलने धुवायला पाच मिनिटं लागतात.