लायसन्स खरं, पिस्तूल खोटं : १,९३,५०० रुपये कसे गेले

१,९३,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात कुणी दोन लाख म्हणतंय, कुणी पाच लाख म्हणतंय, आणि कुणी तर "बेकायदा गावठी कट्टा घ्यायला गेलता" असंही पसरवतंय. हे शेवटचं कानावर आलं तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. माझ्याकडे शस्त्र परवाना आहे. माझ्या नावावर, सरकारी नोंदीतल्या युआयएन नंबरासकट. प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, पोलिस चौकशी, सगळं रीतसर करून मिळवलेला. परवाना शंभर टक्के खरा आहे. खोटं निघालं ते पिस्तूल, आणि ते विकणारा.

माझा धंदा काजूचा. घर बेळगावच्या पश्चिमेला, कर्नाटकच्या हद्दीच्या अलीकडे, आणि बी खरेदी निम्मीअधिक पलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. मार्च ते मे शेतकरी काट्यावर पोतं ठेवतो आणि रोख मागतो. फोनवरून पैसे टाकतो म्हटलं तर म्हातारी माणसं पोतं उचलून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातात. त्यामुळे सीझनभर पैशाची पिशवी घेऊन बाचीवरून शिनोळीकडे जायचं आणि अंधार पडता परत यायचं. आमच्याच धंद्यातल्या एकाला संध्याकाळी रस्त्यात अडवून लुटलं, मारलं. त्यानंतर मी अर्ज केला. हौस म्हणून केला नाही, हे ज्यांना हसायचंय त्यांनी लक्षात ठेवावं.

आता लहानच हत्यार का पाहिजे होतं तेही सांगतो, कारण पोलिस ठाण्यात मला हाच प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चारचौघांत न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. कंबरेला दिसेल असं लटकवून फिरणं हाच गुन्हा. म्हणजे लपवून बाळगणं हा नियमच आहे. आणि ९ एमएम, .३८, .४५ हे सगळं सामान्य माणसाला बंद, प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे नळीच्या बंदी घातलेल्या मापाचं. आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि .२२. परदेशी माल आणायला १९८०च्या दशकापासून बंदी, म्हणून जुनी परदेशी पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव आमच्यासारख्याने ऐकूही नयेत.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदारमामा आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "रिव्हॉल्व्हर घे. गोळी फुटली नाही तर परत चाप ओढ, पुढची समोर येते. पिस्तूल अडकलं तर मोकळं करायला दोन हात लागतात, आणि तुझा एक हात पिशवीवर असणार." मी कागदं काढून बसलो. निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर, २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यातून आलेलं, .३२ बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. निडर फक्त २५० ग्रॅम, खिशात मावेल, पण .२२. लुटारूसमोर .२२वर भरवसा ठेवायला माझं मन धजत नव्हतं. प्रबल २०२३चं, ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६, गोळ्या बसतात ते फिरतं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे गोळ्या भरणं सोपं. सगळं चांगलं, पण रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर सदऱ्याखाली फुगतंच, आणि मोटरसायकलवर वाकून बसलं की पोटात रुततं. मला चपटं पाहिजे होतं, .३२चं पिस्तूल. अशनी नावाचं आहे, पण मला त्याहून लहान पाहिजे होतं. हे मी गल्लीतल्या बसायच्या कट्ट्यावर, गोडाऊनवर, चार लोकांत बोलत राहिलो. हत्यार घेताय हे चार लोकांत बोलू नका. परवाना मिळाला हेसुद्धा बोलू नका. तिथूनच बातमी गेली.

फोन आला. "सावकार, नमस्कार. लायसन्स झालं म्हणे तुमचं." मराठी कोल्हापूरकडचं, मध्येच कन्नडही सफाईदार. आपण हत्यारांच्या कारखान्याचे बुकिंग एजंट, असं सांगितलं. ओळखपत्राचा फोटो पाठवला, कॅटलॉग पाठवला, त्यात .३२चं नवीन कॉम्पॅक्ट मॉडेल, दुकानात अजून आलेलं नाही म्हणे, पहिल्या लॉटचं बुकिंग चालू. माझ्या मनात जे होतं तेच त्या पानावर छापलेलं. बुकिंगचे २५,००० पाठवले. त्याने लायसन्सचा आणि आधारचा फोटो मागितला, तोही गेला. लायसन्सचा फोटो कुणालाही पाठवू नका. तो नंबर घेऊन आज कुठे कुणाला काय दाखवलं जात असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

मग निपाणीच्या अलीकडे, हायवेवरच्या एका लॉजवर त्याने पीस बघायला बोलावलं.

इथे थांबतो, कारण जे काय कळायला पाहिजे होतं ते इथेच कळायला पाहिजे होतं. त्याने टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल काढून माझ्या हातात दिलं. वजन बरोबर. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकत होती, खटका वाजत होता. कंबरेला लावून, सदरा सोडून, खुर्चीवर मोटरसायकलसारखं बसून बघितलं. रुतत नव्हतं, दिसत नव्हतं. मी खूश झालो. मग खिडकीजवळ नेऊन समोरून बघितलं, आणि नळीचं तोंड मला दिसलं. बाहेरची नळी जाडजूड, आणि तिच्या आत जरा मागे सरकलेली दुसरी बारीक नळी, ज्वारीचा दाणा जेमतेम जाईल एवढ्या भोकाची. .३२ची गोळी जवळजवळ ८ मिलिमीटर जाड असते. माझ्या आजोबांकडे डुकरं हाकायला ठासणीची बंदूक होती, नळ्या मी लहानपणापासून बघतोय. मी लगेच विचारलं, "भोक एवढं बारीक कसं?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. "सावकार, सॅम्पल पीस हाय. गोळी सुटू नये म्हणून आत स्लीव्ह घातलीया. खरं पीस लॉजवर आणलं तर मला आत टाकतील की!"

तुम्हीच सांगा, या उत्तरात खोट कुठे होती? खरं पिस्तूल घेऊन लॉजवर आलेला माणूस चोर असणार. हा म्हणतोय, मी कायदा पाळतो म्हणून बंद केलेला नमुना आणला. त्या उत्तराने माझा संशय वाढायच्या ऐवजी विश्वासच वाढला. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून बघू म्हटलं तर "सील हाय" म्हणून त्याने पिस्तूल परत टॉवेलात गुंडाळलं. ती एअरगन होती. ४.५ एमएम, गॅसच्या लहान नळकांडीवर चालणारी. २० जूलपेक्षा कमी ताकदीची असली तर तिला लायसन्ससुद्धा लागत नाही, आणि खऱ्या पिस्तुलासारखी हुबेहूब, वजनासकट, काही हजारांत मिळते. नळीच्या आत मागे सरकलेली दुसरी बारीक नळी दिसली की काही ऐकून घेऊ नका, उठून चालू लागा.

त्याच संध्याकाळी १,१०,००० गेले. खातं कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावावर होतं, कारखान्याच्या नाही. "डिस्ट्रिब्यूटरचं खातं" म्हणे. कारखान्याचा माल आणि पैसे भलत्याच खात्यात, असं कुणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा.

मग त्याने माझी खरी दुखरी नस धरली. माझं लायसन्स फक्त कर्नाटकापुरतं. बाची ओलांडून शिनोळीत पाय ठेवला की त्या हत्यारासकट मीच गुन्हेगार. बी खरेदी मात्र पलीकडेच. सीमाभागातल्या प्रत्येक लायसन्सवाल्याची हीच अडचण आहे आणि त्या माणसाला ती पुरती ठाऊक होती. "दिल्लीहून ऑल इंडिया करून आणतो, फी ४०,०००." फी म्हणाला, पावती पाठवली, अशोकस्तंभासकट. मी लाच दिली असं म्हणणाऱ्यांनी ती पावती येऊन बघावी. आता माहीत झालंय की क्षेत्र वाढवायचं तर ज्या कचेरीने लायसन्स दिलं तिथेच लेखी अर्ज करायचा असतो. शिक्का खिशात घालून कुणी फिरत नाही.

शेवटी १८,५०० "वाहतूक परवान्याचे". दोन दिवसांत कुरियरने घरपोच. हत्यार घरपोच येत नाही! मूळ लायसन्स घेऊन आपण परवानाधारक दुकानात किंवा कारखान्यात जायचं, लायसन्सवर नोंद करून घ्यायची, मग आपल्या कचेरीत हत्यार दाखवून नोंद करायची. दुसऱ्या लायसन्सवाल्याकडून घेतलं तरी त्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवून ४५ दिवस जावे लागतात, असं शस्त्र कायदाच सांगतो. हे मला ऐकून माहीत होतं. पण १,७५,००० गेल्यावर १८,५०० कडे माणूस कसं बघतो? अडकलेले सोडवायचे म्हणून ते भरतो. कुणीही भरेल.

पैसे पोचले आणि फोन बंद.

फोन बंद लागल्याबरोबर मी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तेवढं मात्र प्रत्येकाने करा, लाजू नका, पहिल्या तासातच करा. शेवटच्या १८,५०० पैकी ११,२०० त्यामुळेच त्या खात्यात अडवता आले. तेही अजून माझ्या हातात नाहीत. बँक म्हणते कोर्टाची ऑर्डर आणा, कोर्टासाठी वकील म्हणतो एफआयआर आणा, आणि एफआयआरची कथा आता ऐका.

ठाण्याचं नाव लिहीत नाही, पुढे तिथेच काम आहे. पहिला प्रश्न, "पिस्तूल कशाला पाहिजे तुम्हाला?" लायसन्सची प्रत उलटीपालटी करून बघितली, जणू चोर मीच. मग म्हणे, लॉजवर हत्यार हाताळलं ना, केस तुमच्यावरही होऊ शकते. एअरगन हाताळल्याची केस! ही धमकीच या लबाडांचं भांडवल आहे. हत्याराच्या व्यवहारात फसलेला माणूस ठाण्याची पायरी चढायला घाबरतो, आणि चढलाच तर आत त्यालाच घाबरवतात. तक्रार मराठीत लिहून नेली होती, "कन्नडात लिहून आणा" म्हणून परत पाठवलं. पैसे देऊन लिहून आणली. तर म्हणे लॉज आमच्या हद्दीत येत नाही, खातं महाराष्ट्रातलं, तिकडं जावा. गेलो पलीकडे. तिथे खुर्चीवरून मान वर न करता, "तुम्ही कर्नाटकचे, तुमच्याकडे नोंदवा."

बेळगाव कुणाचं म्हणून सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा चालू आहे. या भागातल्या माणसावर हक्क सांगायला दोन्ही राज्यं पुढे, आणि त्याची चार ओळींची तक्रार घ्यायला एकही नाही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्वच्छ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला तरी माहिती नोंदवून घ्यायची. झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी कलम छापून टेबलावर ठेवलं. "साहेब आल्यावर बघू." साहेब आले, बघितलं नाही. मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो तर त्या लॉजच्या कॅमेऱ्याचा. त्याचा चेहरा त्या कॅमेऱ्यात होता. मी पहिल्या भेटीत सांगितलं, लेखी दिलं, आज माणूस पाठवा, रेकॉर्डिंग पुसून जाईल. कुणी गेलं नाही. मीच गेलो, तर मॅनेजर म्हणाला पोलिसांचं पत्र आणा. पत्र मिळेपर्यंत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं. हातात असलेला पुरावा यांनी हद्दीच्या वादात घालवला.

शेवटी कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी अर्ज पाठवला, तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा. तोतयेगिरीचं ३१९ही लावा म्हणून मागे लागलोय. ठाण्यात दाद लागली नाही तर घरी बसू नका, अधीक्षकांना लेखी पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

सुभेदारमामांसमोर जायला अजून लाज वाटते. त्यांनी रिव्हॉल्व्हर सांगितलं होतं, दुकानातून घे म्हणून सांगितलं होतं. लोकांना सांगायला मी ताठ मानेने लिहितोय, त्यांच्या दारावरून मात्र मान खाली घालून जातो.

आता गडहिंग्लजकडच्या एका व्यापाऱ्याकडून कळलंय की तसाच कॅटलॉग, तेच "दुकानात न आलेलं" .३२ मॉडेल, बुकिंग २५,००० त्यालाही सांगितलंय. म्हणजे धंदा चालूच आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, जिथे कुणी असे पैसे दिले असतील त्यांनी गप्प बसू नये. व्यवहाराचे यूटीआर नंबर, कॅटलॉगचा फोटो, फोन नंबर आणि खात्याचं नाव जपून ठेवा, आपापल्या हद्दीत लेखी तक्रार द्या, आणि तक्रारीत बाकीच्या फसलेल्यांचाही उल्लेख करा. एकाच खात्यात चार जणांचे पैसे गेल्याचं कागदावर आलं तर हद्द कुणाची हे सांगून कुणाला परत पाठवता येणार नाही.